कडकनाथची अंडी, गावठी आई

इंदूरहून धारमार्गे अहमदाबादच्या रस्त्याने निघालं, की माछलिया घाटानंतर झाबुआचा मुलूख सुरू होतो. इंदूरपासून साधारण दीडशे किलोमीटर. टेकडीटेकडीवर सुटी सुटी भिल्ल घरं, घराभोवतीच शेत आणि अंगणात काळ्या कोंबड्या. हीच कडकनाथ, तिथल्या बोलीत ‘काली मासी’. पिसांपासून हाडांपर्यंत काळी, अंडं मात्र फिकट बदामी. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. धोनीच्या रांचीच्या फार्मवर पिल्लं गेली तीही इथूनच.

एवढी नावाजलेली ही कोंबडी खुडूक मात्र क्वचितच होते. म्हणजे अंडी घालते, पण उबवायला बसत नाही. म्हणून तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवायची, ही जुनी रीत.

गेल्या मार्चमध्ये आम्ही तिथून दहा अंडी आणली, कारण आमच्या बागेतली तांबडी गावठी कोंबडी खुडूक झाली होती. पिसं फुगवून खोक्यात बसून राहायची, हात नेला की चोच मारायची. अंडी देणं बंद. एका मित्राने तिला गार पाण्यात बुडवून ‘ठीक’ करायला सांगितलं, दुसऱ्याने इनक्युबेटर सुचवला. आईचा प्रश्न वेगळाच.

“अरे, आपल्याकडे अंडं चालत नाही ना?”

“खायला नाही गं आई, उबवायला.”

मग तिनेच जुनी टोपली काढून दिली.

प्रवासात हिंदकळलेली अंडी टोकदार बाजू खाली करून दिवसभर तशीच ठेवली आणि रात्री अंधारात कोंबडीखाली सरकवली. आता २१ दिवस. मशीनमध्ये साडेसदतीस अंश तापमान, ओलावा, अंडी फिरवणं, सगळं सेट करावं लागतं. ही पोटाची पिसं उपटून उघडी कातडी अंड्यांना लावते, चोचीने त्यांना फिरवते, दिवसातून एखाद्या वेळीच दाणापाण्याला उठते. नवव्या रात्री गल्लीत पाच तास वीज नव्हती. तिला पत्ताही लागला नाही. दुसऱ्या दिवशी मुलीने मोबाइलच्या टॉर्चवर अंड्यांतल्या लाल शिरा पाहिल्या. दोन अंडी कोरी निघाली, ती काढून टाकली.

एकविसाव्या दिवशी सात निळसर काळी पिल्लं बाहेर आली. एक अंडं फुटलंच नाही.

“बाबा, ही आपली नाहीत हे तिला कळत नाही का?” मुलीने विचारलं. तोवर कोंबडीने पंख पसरून सगळ्यांना आत घेतलं होतं.

भरपूर अंडी देणाऱ्या व्यापारी जातींमधून खुडूकपणा पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ घालवलाय, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. हिशेब बरोबरच आहे. पण मशीन आणि मानांकन यायच्या कितीतरी आधीपासून झाबुआच्या अंगणांत कडकनाथ टिकली, त्यात या ‘बसून राहणाऱ्या’ गावठी आयांचा मोठा वाटा आहे.

तुमच्या बागेत एखादी कोंबडी खुडूक झाली, तर तिला पाण्यात बुडवू नका. मांजरांपासून जपा, जवळ दाणापाणी ठेवा आणि तीन आठवडे बसू द्या. मुलांना सुट्टी असेल तर फारच छान.