पीएसए आणि सायकलची सीट

सायकल चालवल्यामुळे प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी होणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा हलू शकतो! हे कळल्यापासून सायकलवाला मित्र दिसला की त्याला थांबवून मी आधी हेच सांगतो.

माझा हा आकडा, म्हणजे पीएसए, किंचित वर आला होता. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, रक्त द्यायच्या आदल्या दिवशी सायकल काढली होती का?" काढली होती की! थेट लोणावळ्यापर्यंत!

मग त्यांनी जे समजावलं ते ऐकून मी थक्क झालो. पीएसए हे कर्करोगाचं विष वगैरे नाहीच. ते प्रत्येक पुरुषाच्या प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन आहे आणि त्याचं काम वीर्य पातळ करण्याचं. त्याची जागा वीर्यात. रक्तात उतरतो तो नुसता पाझर. इतका बारीक, की तो नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजतात! मिलिलिटरला ४ ही नेहमीची रेघ. कर्करोगाने पाझर वाढतो, तसा जंतुसंसर्गाने, ग्रंथी नुसती मोठी झाल्यानेही वाढतो. चाचणी पाझर मोजते, कारण सांगत नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

आणि सायकलची सीट दाबते नेमकी प्रोस्टेटच्या खालची जागा. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पन्नाशीपुढच्या १२९ सायकलस्वारांचं रक्त ५५ ते १६० किलोमीटरच्या फेरीआधी आणि नंतर तपासलं. सरासरी वाढ साडेनऊ टक्के! म्हणजे ३.८ वाला माणूस एका फेरीत ४ ची रेघ ओलांडणार! सगळ्या अभ्यासांत ही वाढ दिसलेली नाही, हेही खरं. आणि १२ आला तर तो सायकलच्या माथी मारता येत नाही. तिथे पुढचा तपास हवाच.

चाचणीआधी ४८ तास सायकल, जोरकस व्यायाम आणि वीर्यस्खलन टाळायचं. लघवीचा संसर्ग झाला असेल तर साधारण सहा आठवडे थांबायचं.

उलटंही घडतं बरं का! प्रोस्टेट वाढल्यावर देतात ती फिनास्टेराइडची गोळी सहा महिने ते वर्षभर घेतली, की आकडा जवळपास निम्मा होतो. त्यामुळे तिथे २.५ दिसला तर डॉक्टर तो ५ च्या आसपास धरून वाचतात. शेजारच्या अण्णांना हे सांगितलं, तर ते तडक घरात जाऊन आपल्या गोळ्यांची पट्टीच घेऊन आले.