सहाव्या गुणसूत्रावरचे गृहस्थ

या, ओळख करून देतो. हे ओपीआरएम-वन. जातीचे जनुक. कायमचा पत्ता, सहावं गुणसूत्र. कारभार मुख्यतः मेंदूत, मज्जारज्जूत आणि थोडाफार आतड्यांत. पेशींच्या दारावर ‘म्यू’ नावाचे रिसेप्टर उभे असतात, त्या दारवानांची नेमणूक यांच्याकडे.

स्वभावाने अगत्यशील. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिनं दारात आली की दारवान लगेच आत वर्दी देतात. दुखणं सुसह्य होतं, जिवाला बरं वाटतं. ही सेवा ते जन्मभर बिनबोभाट करतात.

पण भोळेपणा अंगाशी येतो. अफूतलं मॉर्फीन घरच्याच माणसाच्या थाटात येतं आणि दारवान त्यालाही आत घेतात. गर्द आली तर तिच्यातलं हेरॉईनही शरीरात मॉर्फीनच होतं. १९९६ साली शास्त्रज्ञांनी हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. त्यांना मॉर्फीन दिलं, तर ना वेदना शमली, ना चटक लागली. यांच्यावाचून मॉर्फीनचं पान हलत नाही.

पाहुण्यांची झुंबड उडाली की मात्र जिवावर बेततं. हेच दारवान मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला गुंगी आणतात. ओठ निळे पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मिनिटाला दोन-चारच. अशा वेळी नाकात नॅलोक्सोनचा फवारा मारतात. ते मॉर्फीनला हुसकावून त्याची जागा अडवून बसतं आणि काही मिनिटांत छाती पुन्हा वरखाली होऊ लागते.

यांची ऐट एका अक्षराची. यांच्या जनुकीय लिपीत ११८व्या जागी बहुतेकांत ‘ए’ असतो, काहींत ‘जी’. आशियात ‘जी’वाले पुष्कळ, आफ्रिकी वंशात विरळ. या अक्षरावर वर्षानुवर्षं शोधनिबंध निघाले आणि ते एकमेकांशी भांडले. २०२० साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात त्याचा व्यसनाशी संबंध दिसला, पण परिणाम लहान. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने १५ जनुकीय खुणा पाहून व्यसनाचा धोका सांगणाऱ्या चाचणीला मान्यता दिली. तिच्यावर विसंबू नका, असं अनेक तज्ज्ञांनी बजावलं. त्यांचं बरोबर आहे.

कारण हे गृहस्थ एकटे काही ठरवत नाहीत. जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा ढोबळमानाने निम्मा धरतात, पण तो असंख्य जनुकांत चिमूट-चिमूट वाटलेला. उरलेला निम्मा वाटा परिस्थितीचा. १९७१च्या सुमारास व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांपैकी साधारण दर पाचवा अफू-हेरॉईनच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात अडकले. जनुकं तीच होती; संगत, भीती आणि गल्लीत मिळणारा स्वस्त माल मागे राहिला होता.

म्हणून यांना खलनायक ठरवू नका आणि ब्रह्मदेवही मानू नका. घरात कुणाला व्यसन असेल, तर ट्रामाडॉलसारखी, याच दारवानांमार्फत काम करणारी वेदनाशामक गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना ते मोकळेपणाने सांगा. व्यसनात सापडलेल्या माणसाला ‘रक्तातच आहे त्याच्या’ म्हणून वाऱ्यावर सोडू नका, उपचाराला न्या. गर्दच्या विळख्यातून माणसं बाहेर काढायला पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली उभं राहिलं, आणि ते काम आजही चालू आहे.