पन्नाशीतला वरचा आकडा

उतारवयातील विसरभोळेपणा ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देण्याची रीत घरोघरी असली, तरी अशा बऱ्याच रुग्णांच्या मेंदूची झीज पन्नाशीच्या सुमारास, कसलीही तक्रार नसताना सुरू झालेली असते, आणि तिच्या कारणांपैकी सहज मोजता येणारे व गोळीने आटोक्यात येणारे कारण म्हणजे उच्च रक्तदाब होय. मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या मोठ्या धमन्यांतून थेट फुटतात व त्यांना पर्यायी वाट जवळजवळ नसते. वर्षानुवर्षे जास्त दाब सोसून त्यांच्या भिंती जाड व ताठर झाल्या की श्वेतद्रव्य, म्हणजे मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचे जाळे, उपाशी राहते. त्यामुळे पहिली खूण नावे विसरण्याचीच असते असे नाही. बँकेची स्लिप भरायला वेळ लागतो, रोजच्या स्वयंपाकाचा क्रम चुकतो आणि घरचे म्हणतात, आई हल्ली संथ झाली.

लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल २’ या अभ्यासात, ज्यांचा वरचा आकडा, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब, पन्नाशीत १३० किंवा अधिक होता, त्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक आढळला. साठी-सत्तरीतल्या आकड्याशी मात्र असा संबंध दिसला नाही. अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत (२०१९) ९,३६१ जणांपैकी एका गटाचा दाब १२०च्या, तर दुसऱ्याचा १४०च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य होते. पहिल्या गटात सौम्य बोधनक्षीणता, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या अलीकडची पायरी, १९ टक्क्यांनी कमी आढळली, पण खुद्द स्मृतिभ्रंशातील घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. हृदयाला झालेला लाभ पाहून चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली, हेही त्यामागे असावे. चीनमधील ३२६ खेड्यांच्या चाचणीत निम्म्या खेड्यांत गावच्या डॉक्टरांनीच दाब आटोक्यात ठेवला, तेव्हा चार वर्षांत तिथे स्मृतिभ्रंश उरलेल्या खेड्यांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी आढळला. विदर्भाला हा दाखला अधिक जवळचा, कारण भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत भंडारा आणि वर्धा होते.

नागपुरातील नंदनवनमध्ये राहणाऱ्या, ऐंशी उलटलेल्या गृहस्थाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, घामाने पाणी कमी होते आणि थंडीत ठरवलेली मात्रा, विशेषतः लघवीवाटे पाणी काढणारी गोळी, जड पडते; म्हणून बसून दाब मोजल्यावर उभे करून एका व तीन मिनिटांनी तो पुन्हा मोजावा लागतो. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो आणि मात्रा डॉक्टरांनी बदलायची असते. घाईच्या ओपीडीत ही दुसरी मोजणी बहुधा राहून जाते, आणि चक्कर येते म्हणून घरच्याघरीच बंद केलेली गोळी दिवाळीनंतर दाब चढू लागला तरी पुन्हा सुरू होत नाही.