सुया दहा नंबरच्या, गाव कोपरी

ठाणे स्टेशनला उतरल्यावर निम्मं जग पश्चिमेला जातं. तलावपाळी तिकडे, गोखले रोड तिकडे, राम मारुती रोडवरचं शॉपिंग तिकडे. ‘ईस्टला काय आहे?’ असं विचारणारे ठाणेकर आम्हा कोपरीकरांना रोज भेटतात. आम्ही वाद घालत नाही. पूर्वेचा जिना उतरायचा, रिक्षांच्या रांगेतून वाट काढायची आणि गरम दाल-पकवान खायला लागायचं. उत्तर मिळतं!

कोपरी म्हणजे एका गावात तीन गावं. एक कोळ्यांचं, खाडीकडे तोंड करून बसलेलं. दुसरं, १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांचं. त्यांच्यामुळे ‘कॉलनी’ हा शब्द इथे कायमचा रुजला. आणि तिसरं आमचं, म्हणजे वन रूम किचनवरून टू बीएचकेचं स्वप्न बघणाऱ्या नोकरदारांचं. या तिन्ही गावांत एक गोष्ट मात्र कॉमन आहे. थंडी नाही.

म्हणजे येते. डिसेंबर-जानेवारीत पारा एखाद्या पहाटे १५ च्या आसपास उतरला की फलाट नंबर एकवर माकडटोप्या उगवतात, ग्रुपवर वाफाळत्या चहाचे फोटो पडतात. चार दिवसांनी पुन्हा पंखा पाचावर. अशा गावात लोकरीचे गुंडे कोण विकत घेतं? तर बरेच जण. मार्केटमधल्या मॅचिंग सेंटरमध्ये, साडीचे फॉल, अस्तरं आणि बटणांच्या डब्यांच्या वर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये लोकर असते. बाळंतविड्यासाठी, पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांसाठी, परदेशातल्या लेकीसाठी. आणि हो, ऐरोलीतल्या आणि वागळे इस्टेटमधल्या त्या गारठलेल्या एसी ऑफिसांसाठीसुद्धा! तुमच्या खुर्चीच्या पाठीवर बारा महिने लटकलेला तो स्वेटर आठवा जरा.

तसं बघितलं तर ठाण्याचं लोकरीशी नातं जुनंच. रेमंडची गिरणी १९२५ मध्ये इथेच उभी राहिली, आणि २००९ मध्ये बंद होईपर्यंत ‘जेके’चा भोंगा हे अर्ध्या ठाण्याचं घड्याळ होतं. आता त्या जागेवर टॉवर आहेत. अर्थात तिथली लोकर सुटाच्या कापडासाठी. हातात सुया घेऊन विणायची लोकर वेगळी, आणि खरं सांगायचं तर आपण दुकानात ‘वूल द्या’ म्हणून जे घेतो ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतं. ते मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही, पण गरम इस्त्री लागली की खलास. लेबल वाचा, एवढंच.

हे सगळं मला का माहीत? आमच्या बिल्डिंगमधल्या आंटींमुळे. वय ऐंशीच्या पुढे, सिंधी, फाळणीच्या वेळी आईच्या कडेवर आलेल्या. आमच्या विंगमधल्या निम्म्या बाळांचं पहिलं लोकरीचं जॅकेट त्यांच्या हातचं. मागच्या दिवाळीत त्यांची टोरंटोची नात फोनवर म्हणाली, फेब्रुवारीत बाळ येतंय, आणि तिला तेच जॅकेट हवंय जे ती स्वतः लहानपणी घालायची. प्रॉब्लेम असा की आंटींचे हात अजून ठणठणीत आहेत, पण डोळ्यांनी साथ सोडलीय. डिझाइन त्यांच्या वहीत आहे. वही अरबी लिपीतल्या सिंधीत आहे, उजवीकडून डावीकडे. मुलाला ती लिपी अडखळत वाचता येते, नातीला अजिबात नाही. १९६७ मध्ये सिंधी भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली, पण कागदावर मान मिळाला म्हणून घरात लिपी टिकतेच असं नाही.

‘‘बेटा, कोई किताब ला दे,’’ आंटी मला म्हणाल्या. ‘‘इस में से तो अब कोई नहीं बनाएगा. मेरे बाद रद्दी में जाएगी.’’

म्हणजे मिशन ठरलं. नात टोरंटोत बसून स्वतः विणू शकेल असं पुस्तक शोधायचं, आणि त्यात आंटींचं डिझाइन निदान जवळपास तरी सापडायला हवं. विणकामाचं पुस्तक निवडणं हे मोबाइल निवडण्याइतकंच किचकट काम आहे, हे मला तेव्हा कळलं.

आपल्याकडे सगळ्यात सहज मिळतात ते हिंदी मासिकांचे बुनाई विशेषांक आणि पातळ, गुळगुळीत कव्हरची पुस्तकं. चाळीस-पन्नास डिझाइन्स, किंमत वडापाव-कटिंगच्या हिशेबातली. भाषा शिकायला दहा मिनिटं लागतात. आपला ‘टाका’ तिथे ‘फंदा’ होतो (पहिल्यांदा वाचताना दचकायला होतं), सुई ‘सलाई’ होते, सुलट ‘सीधा’ आणि उलट ‘उल्टा’. यातल्या जाळ्या, वेण्या, पानं सुंदर असतात. पण बऱ्याच ठिकाणी गृहीत असतं की स्वेटरचा सांगाडा तुम्हाला येतोच. ‘मुंढ्याचे टाके घटवा, गळा करा’, संपलं! किती घटवू? कधी? हे विचारायला शेजारी आई किंवा सासू बसलेली असणार, या भरवशावर ती लिहिलेली आहेत. टोरंटोच्या बावीसाव्या मजल्यावर ती सोय नाही.

दुसरं टोक म्हणजे किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हाती लागणारी इंग्लंड-अमेरिकेची पुस्तकं. फोटो बघून जीव जातो. पण थांबा! आधी सुईचा नंबर बघा. आपल्याकडच्या दुकानदाराच्या तोंडी अजून जुने ब्रिटिश नंबर आहेत, आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकेत उलटं. तिथली दहा नंबरची सुई सहा मिलिमीटरची, जवळपास दुप्पट जाड. अमेरिकन पुस्तकातलं बाळाचं जॅकेट कोपरीच्या नंबरावर विणलं तर बाहुलीला होईल. म्हणून ज्या पुस्तकात सुईचं माप मिलिमीटरमध्ये दिलंय, त्याला माझे दोन मार्क जास्त. क्रोशाची भानगड तर विचारूच नका. तिथे अमेरिकन ‘सिंगल’ला ब्रिटिश पुस्तक ‘डबल’ म्हणतं.

मग लोकर. चांगलं पुस्तक फक्त ब्रँडचं नाव सांगून मोकळं होत नाही. ब्रँड बंद पडतात, शेड्स बदलतात, आणि परदेशी कंपनीची अमुक लोकर मार्केटमध्ये मागितली तर दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो. ५० ग्रॅममध्ये किती मीटर धागा, हे दिलेलं असलं की काम झालं. तेवढ्याच लांबीची कुठलीही लोकर चालते. ‘फोर प्लाय’ हा शब्द आपल्याकडे जाडीसाठी वापरतात, पण प्लाय म्हणजे खरं तर पिळलेल्या धाग्यांची संख्या. चार बारीक धागे आणि चार जाड धागे यात फरक असणारच ना.

आणि टेन्शन! हा शब्द विणकामात शब्दशः आहे. दहा सेंटिमीटरच्या चौकोनात किती टाके आणि किती ओळी बसतात, हा आकडा ज्या पुस्तकात नाही ते खाली ठेवा. हे मी आंटींकडून नाही, साध्या भागाकारातून शिकले. समजा पुस्तक म्हणतं दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके, आणि २०० टाक्यांचा घेर. म्हणजे ९१ सेंटिमीटर. तुमचा हात जरा सैल, २० च टाके बसले, तर तोच घेर १०० सेंटिमीटर. नऊ सेंटिमीटर फुकट! तुम्ही म्हणाल, चालतं, ओव्हरसाइझ फॅशन आहे. बाळाच्या बाबतीत नाही चालत.

ठाण्यात पुस्तक शोधायचं तर मराठी ग्रंथ संग्रहालय कसं टाळणार? १८९३ ची संस्था, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आज्यांची मेंबरशिप तिथली. एक टिप देऊन ठेवते, कुठल्याही लायब्ररीत कामाला येईल. जिथे पुस्तकं दशांश वर्गीकरणाने लावलेली असतात तिथे विणकामाचा नंबर ७४६.४३. काउंटरवर ‘स्वेटरची पुस्तकं कुठे?’ विचारून हशा पिकवण्यापेक्षा थेट हा आकडा सांगा. भाव वाढतो.

अभ्यास वाढला तशी माझी चव बदलली. डिझाइन्सच्या पुस्तकांपेक्षा पद्धत शिकवणारी पुस्तकं मला आवडायला लागली. एलिझाबेथ झिमरमन नावाच्या इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या बाईंचं ‘निटिंग विदाउट टीअर्स’, १९७१ चं. बाई म्हणतात, मापं पाठ कशाला करता, टक्के काढा! अंगाच्या घेराचे टाके म्हणजे १०० टक्के. मनगटाला त्याच्या २० टक्के, दंडाला ३३, गळ्याला ४०. दोनशे टाक्यांचा स्वेटर असेल तर मनगटाला ४०, दंडाला ६६, गळ्याला ८०. कुठल्याही लोकरीला, कुठल्याही सुईला लागू. एक्सेल शीटवर जगणाऱ्या आपल्या पिढीसाठी याहून सोपं काय असणार? त्याच्या पुढच्याच वर्षी बार्बरा वॉकर यांचं गळ्यापासून खाली विणत जायचं पुस्तक आलं. त्यात जाता जाता अंगाला लावून बघता येतं. माझ्यासारख्या नवशिकीला मी हीच दोन सुचवीन, फोटो जुने वाटले तरी.

पण नातीला पद्धत नको होती, ‘तेच’ जॅकेट हवं होतं. बहिऱ्या कानाला कळावं इतक्या मोठ्याने आंटींनी मला त्याचं वर्णन केलं होतं (बहिरी मी नाही, त्यांना वाटतं). खाली चार बोटं साबुदाणा वीण, मग पानांची रांग, दोन पानांमध्ये एकेक वेणी, छातीवर बटणं. पानं असलेली डिझाइन्स शेकड्याने सापडली. वेण्याही. हे कॉम्बिनेशन कुठेच नाही.

तेव्हा एका मैत्रिणीने जपानी पुस्तक आणून दिलं. हितोमी शिदा यांचं, डिझाइन्सचं, २०१७ मध्ये इंग्रजीत आलेलं. त्यात वाक्यं जवळजवळ नाहीतच. नुसता चौकोनांचा तक्ता. एक चौकोन म्हणजे एक टाका, रिकामा चौकोन, आडवी रेघ, गोल, तिरकी काठी, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. जपानमध्ये ही चिन्हं प्रमाणित आहेत, त्यामुळे एकदा शिकलं की भाषेची गरजच उरत नाही. मी ते पान मोबाइलवर मोठं करून आंटींपुढे धरलं आणि समजावायला लागले, ‘‘आंटी, हे खालून वर वाचायचं, आणि सरळ बाजूची ओळ उजवीकडून...’’

‘‘दाएँ से बाएँ. तो और कैसे पढ़ेंगे?’’ आंटी म्हणाल्या.

खरंच की! विणताना टाके उजवीकडून डावीकडे सरकतात, म्हणून सरळ बाजूची ओळ तक्त्यावरही तशीच वाचतात. आपण डावीकडून वाचणारे तिथे ठेचकाळतो. आंटी आयुष्यभर तशाच वाचत आल्या आहेत.

मग पुस्तकाचा शोध मी थांबवला. स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून शाळेचा ग्राफ पेपर आणला, दहा रुपयांचा गठ्ठा. रविवारी दुपारी त्यांचा मुलगा अडखळत वही वाचतो, आंटी डोळे मिटून हवेत बोटं हलवत दुरुस्त्या सांगतात, आणि मी चौकोन भरते. कधी वहीत काहीतरी राहून गेलेलं असतं, कधी त्यांच्या हाताला आठवतं आणि तोंडाला नाही. मग सुया हातात द्यायच्या, चार ओळी विणू द्यायच्या, आणि विणलेल्या पट्टीवरून टाके मोजून तक्ता भरायचा. प्रत्येक पानाखाली मी सुईचं माप मिलिमीटरमध्ये आणि दहा सेंटिमीटरचे टाके लिहिते. पुस्तकं चाळून एवढी शिस्त तरी लागली.

दरम्यान आंटींनी दोन बदल जाहीर केले. वेण्यांमधली जाळी काढायची, कारण बाळाची बोटं अडकतात. आणि माप नवजात बाळाचं नाही, नऊ महिन्यांचं घ्यायचं. फेब्रुवारीतलं बाळ पुढच्या नोव्हेंबरात नऊ महिन्यांचं होईल, टोरंटोची खरी थंडी त्याला तेव्हा घालून काढायचीय. हा हिशेब मी चाळलेल्या एकाही पुस्तकात नव्हता.

पाठ झाली, दोन्ही पुढचे भाग झाले. नातीने पहिले तीन कागद फोटोवरून विणून पाठवले, आंटींनी पट्टीचा फोटो नाकाला लावून बघितला आणि ‘टाईट है’ एवढाच शेरा दिला. या रविवारी बाही घ्यायचीय. ग्राफ पेपर संपलाय, तो आणायला हवा.