पाऊल मोडा!

काही इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगताना मास्तरांची जीभ अडत नाही, मन अडते. 'लॉकस्टेप' हा त्यांतलाच एक. 'ते सारे लॉकस्टेपमध्ये चालतात', म्हणजे पावलाला पाऊल लावून चालतात. पुढे त्याचाच अर्थ एकसारखा विचार करतात, असा झाला. आम्ही फळ्यावर लिहितो, मुले वहीत उतरवून घेतात अन् धडा पुढे सरकतो. पण गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, असं चालणं चांगलं की वाईट?"

प्रश्न लहान, पण उत्तरासाठी शब्दाच्या जन्मगावी जावे लागते.

हा शब्द मूळचा कवायतीतला. शिपाई एकामागे एक इतके दाटून चालत, की पुढच्याने पाऊल उचलताच मागच्याचे त्याच जागी पडावे. पुढे त्याने मुक्काम हलवला तो तुरुंगात. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ऑबर्न नावाचा तुरुंग आहे. १८२० नंतरच्या काही वर्षांत तिथे कैद्यांना असे चालवीत: अंगात पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, हात पुढच्याच्या खांद्यावर, माना एका बाजूला वळवलेल्या अन् तोंडातून चकार शब्द नाही. दिवसभर ते कारखान्यात एकत्र राबत, पण शेजाऱ्याशी बोलायची बंदी. रात्री प्रत्येकजण आपल्या कोठडीत एकटा. शेकडो पावले एकदम पडत होती, पण एकाही मनाची दुसऱ्याशी ओळख नव्हती. एकजूट अन् एकोपा यांत केवढे अंतर असू शकते पाहा!

गंमत अशी, की एका सुरात चालण्याचा धोका सर्वांत आधी कळायला हवा तो लष्कराला, अन् त्यालाही तो पाण्यात पडल्यावरच नीट कळला. १२ एप्रिल १८३१ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून ७४ शिपाई चालले होते. पावलांच्या ठेक्याने पूल डोलू लागला. शिपायांना मौज वाटली. त्यांनी शीळ घालत ठेका अधिकच धरला. एक बोल्ट तुटला, पूल एका टोकाला कोसळला अन् चाळीसेक जण अर्वेल नदीत पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्यानंतर ब्रिटिश सैन्यात हुकूम निघाला: पुलावरून जाताना 'ब्रेक स्टेप', पाऊल मोडा!

बरे, हुकमानेच पावले जुळतात असेही नाही. जून २००० मध्ये लंडनचा मिलेनियम पूल खुला झाला. पूल आडवा हलू लागताच तोल सावरता सावरता एकमेकांना न ओळखणारी माणसेही एका ठेक्यात चालू लागली, अन् पूल अधिकच हलू लागला. दोन दिवसांत तो बंद करावा लागला. हेलकावे शोषणारी यंत्रे बसवून २००२ साली पुन्हा उघडला. माणूस तोल जाऊ नये म्हणूनच शेजाऱ्यासारखे पाऊल टाकतो, अन् त्यानेच सगळ्यांचा तोल जातो!

मराठीत 'री ओढणे' आहे, पण त्यात लाचारीचा वास येतो. पंढरीच्या वाटेवरची पावली मात्र मला फार वेगळी वाटते. टाळमृदंगाच्या ठेक्यावर वारकऱ्यांची पावले एकत्र पडतात खरी. पण दमलेला बाजूला बसतो, तहानलेला पाणी पिऊन येतो अन् पुन्हा रांगेत शिरतो. त्याच्या खांद्यावर कोणाचा हात असला, तर तो मायेचा असतो.

हे सारे मला नीट उमगले ते एका शाळेच्या बैठकीत. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा, म्हणून नऊ कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेरून बसवावे, असा विषय निघाला. माना हलल्या. एकाची हलली म्हणून दुसऱ्याची, दुसऱ्याची म्हणून तिसऱ्याची. ठराव लिहायला वही उघडली गेली. एवढ्यात कोपऱ्यातून शिवण शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मला नाही पटत. पोरं आपली आहेत."

आवाज फार मोठा नव्हता. पण ठेका मोडला. क्षणभर शांतता झाली, मग आणखी तिघांची पावले चुकली. त्यांत एक माझे होते. वही मिटली.

मुले शाळेतूनच परीक्षेला बसली. नऊही पास झाली, असे सांगायला गोष्टीत बरे वाटले असते. पण पाच झाली. निकालाच्या फलकावर शंभराचा आकडा काही लागला नाही. उरलेल्या चौघांपैकी दोघे पुढच्या खेपेस सुटले.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले, "बाळ, चालावं सगळ्यांबरोबरच. पण पूल आला, की आपलं पाऊल आपण टाकावं."

"अन् पूल आला हे कळायचं कसं, सर?"

मी म्हणालो, "पायाखाली हलायला लागतं. त्या वेळी मौज वाटू द्यायची नाही."