नवी वनराणी

काही निरोप असे असतात की ते वाचून आपल्याला आनंद व्हावा अशी धाडणाऱ्याची साधी अपेक्षा असते. आणि नेमका आनंद तेवढा होत नाही. २०२५ च्या श्रावणात बोरिवलीहून वडिलांचा असाच एक निरोप आला. पूर्वी ते पोस्टकार्ड लिहीत. आता भ्रमणध्वनीवर एखादे छायाचित्र येते आणि त्याखाली कार्डावरच्याच वळणाची एखादी ओळ असते. या वेळची ओळ होती : "वनराणी पुन्हा सुरू झाली. दिवाळीत चिरंजीवाला घेऊन ये."

छायाचित्रातली गाडी मी ओळखलीच नाही. डब्यांना चहूकडून काचा, छपरालाही काच, रंग असा ताजा की हात लावायला भीती वाटावी. विजेवर चालणारे नवे इंजिन. मी ते चित्र सौ.ला दाखवले. ती म्हणाली, "किती सुंदर आहे हो!" मी काहीच बोललो नाही. माझ्या घरातली एखादी जुनी वस्तू मला न विचारता कुणी मोडीत काढावी आणि वर पेढे वाटावेत, तसे काहीसे मला वाटले.

ज्यांचे बालपण मुंबईच्या उत्तर उपनगरांत गेले नाही अशा वाचकांना वनराणी म्हणजे काय ते सांगायला हवे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेच्या अलीकडे, मुलांसाठी एक चिमुकली आगगाडी धावत असे. जेमतेम दोन-सव्वादोन किलोमीटरांचा तिचा फेरा. एवढ्यात पूल यायचा, झाडी यायची, नशीब असले तर हरणे दिसायची आणि एक बोगदा यायचा. माझ्या जन्माच्या आधीपासून ती धावत होती. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले. त्यात रुळांची नासधूस झाली आणि गाडी थांबली. ती चार वर्षांहून अधिक काळ थांबली. पुन्हा निघाली ती अशी काचेची होऊन.

माझी वनराणी काचेची नव्हती. डिझेलचा धूर नाकात जायचा, डबा खडखडायचा, खिडकीतून पावसाचे थेंब अंगावर यायचे. वडील एका खाजगी कंपनीत हिशेबनीस होते. त्यांना रविवार तेवढा मोकळा, आणि महिन्यातल्या एखाद्या रविवारी आम्ही वनराणीत बसत असू. बोगदा जवळ आला की सगळ्या डब्यांतली पोरे एकदम ओरडायला लागत. त्या दहा-पंधरा क्षणांच्या काळोखात वडिलांचा हात माझ्या पोटाभोवती घट्ट आवळला जाई. मला वाटे, वडीलसुद्धा माझ्यासारखेच घाबरले आहेत आणि माझ्यासारखेच खूश आहेत. आज मी पस्तिशीला आलो आहे. पण डिझेलचा वास आला की अजून मला त्या हाताची आठवण होते. आता विजेच्या गाडीला कसला वास यायचा?

दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्यासमोर योगायोगाने एक फाइल होती. आमची कचेरी रायपूर शहरातल्या जुन्या जागेतून नव्या रायपुरात आली तेव्हा तिच्याबरोबर काही जुने सामानही आले. त्यात वेताची एक खुर्ची आहे. वेत सुटलेला, एक पाय लंगडा. ती निरुपयोगी ठरवून विल्हेवाट लावायची, अशी टिपणी मला करायची होती. आपल्यापैकी बहुतेकांना सामान्य वित्तीय नियमांतला २१७ वा नियम ठाऊक असेल. वस्तू जादा, कालबाह्य किंवा निरुपयोगी ठरवताना त्याची कारणे नोंदवावीत, असे तो सांगतो. नियम चांगला आहे. पण त्या वस्तूवर कोण कोण बसून गेले, हे लिहायला त्यात रकाना नाही. मी ती फाइल दुसऱ्या गठ्ठ्याखाली सरकवली. एवढा सूड मला पुरेसा वाटला.

आमच्या विभागात अभनपूरकडचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. जेवणाच्या सुटीत त्यांना मी वनराणीची हकीकत सांगितली. मला वाटले, हा माणूस माझे दुःख जाणील; कारण त्यांचीही एक लहान गाडी गेली होती. रायपूर ते धमतरी ही अडीच फुटी रुळांची 'छोटी रेल'. बंगाल-नागपूर रेल्वेने ती १९०० साली सुरू केली. अभनपूरहून तिचा एक फाटा राजिमला जाई. माघी पौर्णिमेच्या राजिमच्या जत्रेला जाणारी माणसे तिच्या दारांना लोंबकळत, असे जुने रायपूरकर सांगतात. रायपुरातले तिचे रूळ उखडले गेले. त्या जागेवर द्रुतगती रस्ता झाला. पुढे ३० मार्च २०२५ रोजी मोठ्या रुळांवरून, मंदिर हसौद आणि नवे रायपूर या वाटेने, अभनपूरची नवी गाडी सुरू झाली. माझ्यासारखे बाहेरून आलेले लोक छोट्या रेलची जुनी छायाचित्रे पाहून हळहळतात.

सहकाऱ्यांनी भाजीचा डबा माझ्याकडे सरकवला आणि हिंदीतून जे सांगितले त्याचा मथितार्थ असा : "छोटी रेल गोड होती खरी. माझे लग्नाचे वऱ्हाड तिनेच गेले. पण माझ्या आईला रायपूरच्या इस्पितळात न्यायचे होते, तेव्हा तिच्या गोडपणाचा मला काही उपयोग झाला नाही. ती वाटेत सावकाश उभी राही, आणि मी आईच्या तोंडाकडे पाहत बसे. साहेब, गाडी गेली म्हणून फोटोवाले रडले. रोज तिच्यातून जाणारे आम्ही मोठी गाडी कधी येते म्हणून वाट पाहत होतो."

मी म्हणालो, "पण ती सवारीची गाडी. माझी तर नुसती खेळातली."

ते म्हणाले, "मग तर रडण्याचे कारण आणखीच कमी."

तर्काने मी हरलो होतो. पण तर्काने हरलेला माणूस मनाने हरतोच असे नाही. उलट मी पुरावे गोळा करू लागलो. आपल्यासारखे वेडे जगात आणखी आहेत, हे कळले की वेडाला प्रतिष्ठा येते. अमेरिकेत डिस्नेच्या करमणूक उद्यानांत 'स्प्लॅश माउंटन' नावाची एक पाण्यावरची सवारी होती. लाकडाच्या ओंडक्यासारख्या होडीत बसायचे आणि शेवटी उंचावरून धाडकन खालच्या पाण्यात यायचे. कॅलिफोर्नियात ती १९८९ साली सुरू झाली. तिच्यातली पात्रे १९४६ च्या एका चित्रपटातली होती. त्या चित्रपटातले कृष्णवर्णीयांचे चित्रण अपमानकारक आहे, असा आक्षेप फार जुना. शेवटी २०२० साली ती बदलण्याचे जाहीर झाले आणि २०२३ साली दोन्ही अमेरिकन उद्यानांत ती बंद झाली. निरोपाच्या दिवसांत लोकांनी तासन् तास रांगा लावल्या. कुणी तर तिथले पाणी बाटल्यांत भरून विकायला काढले! गंगोदकाची परंपरा आपल्याकडेच आहे असे मी समजत होतो. २०२४ साली त्याच जागी 'टियानाज बायू ॲडव्हेंचर' सुरू झाले. पाण्याची वाट बव्हंशी तीच, शेवटची उडीही तीच. बदलली ती गोष्ट आणि तिच्यातली माणसे. बाटलीत पाणी भरणाऱ्यांचे मला हसू आले, पण फार वेळ नाही. कारण त्या गर्दीत ज्यांना ती जुनी पात्रे टोचत होती असेही कुणी असतील, आणि त्यांनी बाटली भरली नसेल, हे लक्षात आले. एकाच होडीत बसलेली दोन माणसे एकाच सवारीला गेलेली नसतात.

त्या वेळी मात्र हे वाक्य मी फक्त अमेरिकेला लावले. माझ्या घराला ते लावायचे राहिले होते.

दिवाळीत आम्ही रजा घेऊन बोरिवलीला गेलो. चिरंजीव सहा वर्षांचा आहे. रायपूर ते मुंबई हा अख्खा प्रवास त्याला मी जुन्या वनराणीचेच वर्णन ऐकवत होतो. सौ. एकदा हळूच म्हणाली, "त्याला नवी गाडी बघायची आहे. जुनी नसण्याबद्दल त्याची क्षमा कशाला मागता?" मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

उद्यानात पोहोचलो. वडील आता सत्तरीच्या पलीकडे गेले आहेत; गुडघे कुरकुरतात. ते, मी आणि चिरंजीव एका बाकावर बसलो. गाडी निघाली. खडखड नाही, धूर नाही. मी मनातल्या मनात एकेक उणीव टिपून घेत होतो, लेखापरीक्षकासारखा. चिरंजीव मान वर करून छपराच्या काचेतून फांद्या पाहत होता. त्याला धरण्याची गरज नव्हती. आणि वडील? ते पुढे झुकून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, एकटक बाहेर पाहत होते.

"केवढी झाडी आहे रे ही," ते म्हणाले.

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही तर ती शंभरदा पाहिली असेल."

"कधी पाहणार? तू खिडकीबाहेर कमरेपर्यंत वाकायचास. तुला धरण्यात माझा सगळा फेरा जाई. बोगदा आला की माझ्या पोटात गोळा यायचा, की काळोखात पोरगे निसटते की काय. गाडी एकदाची थांबली की मी देवाचे नाव घेई." मग जरा थांबून ते म्हणाले, "आज पहिल्यांदा बसलोय बघ या गाडीत."

मला बोलायला काही सुचेना. ज्या हाताची आठवण मी वीस-पंचवीस वर्षे उराशी धरून होतो, तो हात माझ्यासारखा खूश नव्हता. तो धास्तावलेला होता. माझे सुख त्यांच्या रविवारातून कापून घेतलेले होते, आणि त्यांनी ते तसे कधी बोलून दाखवले नव्हते. दर महिन्याला ते मला पुन्हा घेऊन जात, पुन्हा देवाचे नाव घेत. जुनी गाडी परत यावी असे मी म्हणत होतो, म्हणजे त्या माणसाने पुन्हा एकदा मला धरून बसावे असेच म्हणत होतो. गाडीला काचा बसल्या नसत्या तर हे मला कळले नसते.

यावरून नवे ते सगळे चांगले, असा निष्कर्ष मी काढलेला नाही. डिझेलचा तो वास मला अजूनही हवा आहे, आणि बोगद्यात शिरताना पोरे पूर्वीसारखी ओरडली नाहीत असे मला वाटले. कदाचित तीही ओरडली असतील आणि मी ऐकले नसेल. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९२७ सालची लाकडी 'सायक्लोन' सवारी अजून धावते, आणि धावावी. काही जुन्या गोष्टी दुरुस्त करून चालवता येतात, त्या चालवाव्यात. माझे म्हणणे एवढेच, की मोडीत निघालेल्या वस्तूबद्दल हळहळताना ती आपल्याखेरीज आणखी कुणाची होती आणि त्यांना ती कशी वाटत होती, हे एकदा विचारावे.

आपण बदलीची माणसे. गाव सोडताना आपण मनात त्याची एक नक्कल करून घेतो आणि तिच्यावर 'खरी प्रत' असा शिक्का मारतो. मग सुटीत जातो तेव्हा खऱ्या गावालाच नकलेशी ताडून पाहतो आणि त्याच्या चुका काढतो. तिथे रोज राहणाऱ्यांना बदल हवा असतो. गुडघे त्यांचे दुखतात. आणि गंमत अशी, की हे सगळे मी लिहितो आहे ते नव्या रायपुरात बसून. इथले रस्ते रुंद आणि इमारती कोऱ्या आहेत. पण राखी, खंडवा अशा ज्या गावांच्या शिवारात हे शहर उभे राहिले, तिथल्या कुणाच्या तरी मनात या जागेचीही एक जुनी प्रत असेल. त्या प्रतीत माझी कचेरी नाही.

परत आल्यावर मी ती फाइल गठ्ठ्याखालून काढली. त्या खुर्चीवर कोण बसत असे, हे अभनपूरच्या सहकाऱ्यांना विचारले. ते हसून म्हणाले, "मीच, अकरा वर्षे. पाठदुखी तिचीच देणगी." मी टिपणी लिहिली : 'वेत तुटलेला, एक पाय निखळलेला, दुरुस्ती परवडण्याजोगी नाही.' कारणे नोंदवली आणि खाली सही केली.