वाढणाऱ्या मावशी



आमच्या शेजारच्या मावशी गेल्या. जालन्यात ज्यांनी ओळीची आयंबिलं केली, त्यांना त्या आठवतील. चैत्रात आणि आश्विनात, सप्तमी ते पौर्णिमा, वाढायला त्याच. त्या जैन नव्हत्या, पण तूप-तेल, दूध-दही, गूळ-साखर, हिरवी भाजी ताटाजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. ‘आता उठू नका हं, एकाच बैठकीत जेवायचं,’ असं मलाच बजावायच्या! उकळलेलं पाणी आधीच गार करून ठेवलेलं. कोणाला ज्वारीची भाकरी, कोणाला नुसते मूग, सगळं तोंडपाठ.

मी बी.कॉम. पै-पैचा हिशेब वहीत. मावशींना काय दिलं, तेही लिहिलेलं. पण पंगत उठल्यावर त्या स्वतः कधी जेवतात, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. संवत्सरीला गल्लीभर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत फिरायचे आणि त्यांच्या दारावरून पुढे जायचे. त्यांच्यात नसतं ना, म्हणून.

यंदा चैत्राच्या ओळीला वाढायला नवी मुलगी होती. ताटावर बसण्याआधी मी विचारलं, ‘बाळा, तू जेवलीस का?’

ती हसली. ‘मावशी पण रोज हेच विचारायच्या.’